झिन यांचा अमेरिकेचा इतिहास आणि त्याचे वाचक



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता. ‘इतिहास जेत्यांनीच लिहिलेला असतो असं तुम्ही म्हणता, मग हरलेल्यांनी लिहिला की तो आपोआप खरा होतो का?’ वेळ संपत आली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. घरी गेल्यावर ते उत्तर मलाच पटेना. तेव्हा आज तोच प्रश्न नीट घेऊ. नुसतं तत्त्व मांडत बसलो तर तुम्ही पेंगाल, म्हणून एक पुस्तक घेतो. खरं तर पुस्तकापेक्षा त्याचे वाचक घेतो. हा इतिहास कोणी कसा वाचला, कोण संतापलं, कोण भारावलं, हे पाहिलं तर प्रश्नाचं उत्तर सापडायला मदत होईल.

पुस्तकाचं नाव ‘अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’, म्हणजे अमेरिकेचा लोकांचा इतिहास. लेखक हॉवर्ड झिन. प्रकाशन १९८०. पहिली छपाई अवघ्या काही हजार प्रतींची होती. प्रकाशकालाही फार आशा नसावी. आजवर या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. इतिहासाची जाडजूड पुस्तकं साधारणपणे पहिल्या वर्षी जेवढी खपतात तेवढीच. पुढे ग्रंथालयात धूळ खातात. याचं उलट झालं. वर्षागणिक खप वाढत गेला. १९९७ च्या ‘गुड विल हंटिंग’ या चित्रपटात नायक या पुस्तकाचं नाव घेतो. इतिहासाच्या पुस्तकाला असं भाग्य क्वचितच लाभतं.

आधी झिन यांच्याविषयी थोडं, कारण पुढे ते लागणार आहे. जन्म १९२२ चा, ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. तरुणपणी जहाजबांधणीच्या गोदीत काम केलं. दुसऱ्या महायुद्धात विमानातून बॉम्ब टाकण्याच्या कामावर होते. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला जेमतेम तीन आठवडे उरलेले असताना, फ्रान्समधल्या रॉयां या गावावर झालेल्या हल्ल्यात ते होते. त्या हल्ल्यात नेपाम वापरलं गेलं. इतक्या उंचीवरून खालचं काही दिसत नाही, कोणाची किंकाळी ऐकू येत नाही. पुढे सरकारी योजनेतून ते शिकले, कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. वीसेक वर्षांनी त्या गावी परत गेले, तिथली कागदपत्रं पाहिली, वाचलेल्या माणसांशी बोलले आणि आपण नेमकं काय केलं होतं ते लिहून काढलं. अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या महाविद्यालयात ते शिकवत होते. विद्यार्थिनींच्या वंशभेदविरोधी आंदोलनात सामील झाले आणि १९६३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. नंतर १९८८ पर्यंत बॉस्टन विद्यापीठात होते. २०१० मध्ये वारले.

आता पुस्तक काय करतं? अमेरिकेच्या इतिहासाची नेहमीची सुरुवात म्हणजे कोलंबसाचं जहाज आणि त्याला दिसलेली जमीन. झिन आपल्याला त्या जमिनीवर उभं करतात. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना हे जहाज कसं दिसलं, त्यांच्याबरोबर पुढच्या काही वर्षांत काय झालं, इथून पुस्तक सुरू होतं. राज्यघटना कोणाच्या आर्थिक हिताची होती, हे ते विचारतात. चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावलं गेलं ते चेरोकींच्या बाजूने, १८४६ चं मेक्सिकोयुद्ध ते नाकारणाऱ्या सैनिकांच्या बाजूने सांगतात. कोलोरॅडोतल्या लडलो इथे एप्रिल १९१४ मध्ये संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली आणि तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. ही घटना शाळेच्या पुस्तकांत सहसा सापडत नसे. झिन तिच्यावर पानं खर्च करतात.

आपली भूमिकाही ते लपवत नाहीत. पहिल्याच प्रकरणात ते सॅम्युएल एलियट मॉरिसन या हार्वर्डच्या नामवंत इतिहासकाराचं उदाहरण घेतात. मॉरिसन यांनी स्वतः शिडाच्या जहाजातून कोलंबसाचा मार्ग पालथा घातला होता, आणि त्यांच्या कोलंबसचरित्राला पुलित्झर पारितोषिकही मिळालं होतं. आता गंमत अशी, की कोलंबसाच्या धोरणामुळे वंशसंहार झाला असं मॉरिसन लिहितात. चक्क तो शब्द वापरतात. पण एका वाक्यात. आणि मग पुढे जाऊन कोलंबसाच्या दर्यावर्दी कौशल्याचं पानोपानी कौतुक करतात. झिन यांचा मुद्दा बारकाईने पाहा. मॉरिसन खोटं बोलले असा आरोप ते करत नाहीत. खरं सांगून ते इतर गोष्टींच्या ढिगाखाली पुरलं, असं ते म्हणतात. खोटं पकडता येतं. पुरलेलं खरं पकडणं अवघड, कारण वाचकाला वाटतं, सांगितलं तर आहे की!

यावर पहिली प्रतिक्रिया आली ती व्यावसायिक इतिहासकारांकडून. हार्वर्डचे ऑस्कर हँडलिन यांनी पुस्तकाचे अक्षरशः वाभाडे काढले. त्याला त्यांनी परीकथेच्या पंक्तीत बसवलं. एरिक फोनर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेलं परीक्षण वेगळ्या जातीचं होतं. फोनर स्वतः गुलामगिरी आणि यादवी युद्धानंतरच्या काळाचे मोठे अभ्यासक. त्यांनी पुस्तकाच्या जिवंतपणाचं कौतुक केलं आणि मग एक अडचण दाखवली. या पुस्तकात सामान्य माणूस येतो तो एकतर बंडखोर म्हणून, नाहीतर बळी म्हणून. पण बहुसंख्य माणसं बंडही करत नाहीत आणि रोज चिरडलीही जात नाहीत. ती कष्ट करतात, मुलं वाढवतात, देवळात किंवा चर्चमध्ये जातात, बिकट परिस्थितीत मान राखून जगायची धडपड करतात. मग त्यांचा इतिहास कुठे आहे? वरून पाहिलेला इतिहास अपुरा, तसा फक्त खालून पाहिलेलाही अपुराच, असा त्यांचा सूर होता.

दुसरे वाचक म्हणजे शाळेतली मुलं. मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हेच. ऑरेगन राज्यातला एक शिक्षक आपल्या वर्गाला नेमलेलं पाठ्यपुस्तक वाचायला देई आणि त्याच घटनेवरचं झिन यांचं प्रकरणही देई. मग मुलांनी थेट झिन यांना पत्रं लिहायची. ही पत्रं झिन यांच्या कागदपत्रांत जपली गेली. रॉबर्ट कोहेन आणि सोनिया मरो या अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. काही मुलं भडकली आहेत, पण झिन यांच्यावर नाही, शाळेवर. इतकी वर्षं आम्हाला हे सांगितलं का नाही, असा त्यांचा सवाल. काही झिन यांच्यावरच चिडली आहेत. तुम्हाला देशात चांगलं काहीच दिसत नाही का, असं ती विचारतात. आणि काही मुलं म्हणतात, पाठ्यपुस्तक एक सांगतं, तुम्ही दुसरं सांगता, तर तुमचंच बरोबर कशावरून?

या तिसऱ्या प्रकारच्या मुलांना आपण जरा बाजूला बसवून ठेवू. शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

तिसरे वाचक राजकारणी. त्यांना वाचक म्हणावं का, हा वेगळा प्रश्न. फेब्रुवारी २०१० मध्ये, झिन वारल्यानंतर लगेच, इंडियाना राज्याचे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांना ईमेल पाठवून विचारलं, की हे पुस्तक आपल्या राज्यात कुठे शिकवलं जात तर नाही ना? असेल तर ते थांबलं पाहिजे, असा रोख होता. हा पत्रव्यवहार २०१३ मध्ये बाहेर आला. तोवर ते पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. तिथल्या नव्वद प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली. २०१७ मध्ये आर्कान्सा राज्याच्या विधिमंडळात झिन यांचं लेखन सरकारी शाळांत वापरायला बंदी घालणारं विधेयक आलं. ते पास झालं नाही. उलट झिन यांच्या नावाने चालणाऱ्या शैक्षणिक प्रकल्पाने तिथल्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना फुकट पुस्तकं देऊ केली आणि शेकडो प्रती राज्यात पोचल्या. १७ सप्टेंबर २०२० ला तर खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या भाषणात झिन यांचं नाव घेऊन त्यांच्या लेखनाला प्रचारकी ठरवलं आणि देशभक्तीपर शिक्षणासाठी आयोग नेमायची घोषणा केली. माणूस जाऊन दहा वर्षं झाली होती!

दरम्यान उलट बाजूचा इतिहासही आला होता. लॅरी श्वाइकार्ट आणि मायकेल ॲलन यांचं ‘अ पेट्रियट्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे पुस्तक २००४ चं. नावातच उत्तर आहे. तुमचा लोकांचा इतिहास, तर आमचा देशभक्ताचा. तेही तुफान खपलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हे तर डावे-उजवे भांडण. उजव्यांना आवडत नाही, डाव्यांना आवडतं, विषय संपला. पण तसं नाही. झिन यांच्यावरची सगळ्यात बोचरी टीका डावीकडून आली. मायकेल काझिन हे स्वतः डाव्या चळवळींचे इतिहासकार. २००४ मध्ये त्यांनी ‘डिसेंट’ या डाव्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचा सवाल साधा होता. मूठभर श्रीमंत जर दोनशे वर्षं सगळ्यांना फसवत आले, तर एवढे कोट्यवधी लोक फसत का राहिले? कामगारांनी पुराणमतवादी पक्षांना मतं का दिली? धर्मावर त्यांची एवढी श्रद्धा का? झिन यांच्याकडे याचं उत्तर नाही, कारण त्यांच्या गोष्टीत एका बाजूला दुष्ट आणि दुसऱ्या बाजूला सज्जन. लोकांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात लोक मात्र भोळसट ठरतात, हे काझिन यांचं दुखणं होतं.

२०१२ मध्ये ‘हिस्टरी न्यूज नेटवर्क’ या संकेतस्थळाने मतदान घेतलं, की छापलेल्या इतिहासग्रंथांत सगळ्यात कमी विश्वासार्ह कोणता? पहिला आला डेव्हिड बार्टन यांचा ‘द जेफरसन लाइज’. जेफरसन हे धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते असं रंगवणारं हे उजव्या बाजूचं पुस्तक. थोड्याच दिवसांत त्याच्या प्रकाशकाने ते बाजारातून मागे घेतलं. आणि अगदी काही मतांनी दुसरा आला झिन यांचा ग्रंथ. म्हणजे एकाच पुस्तकाला कोणी डोळे उघडणारं म्हणतं आणि कोणी सर्वात अविश्वसनीय. असं का व्हावं?

मला वाटतं, वाचक दोन वेगळे प्रश्न एकच समजून विचारतात. पहिला प्रश्न : या लेखकाने काय निवडलं आणि का? दुसरा : जे निवडलं, त्याला पुरावा काय? झिन स्वतः नकाशा काढणाऱ्याचं उदाहरण देतात. पृथ्वी गोल, कागद सपाट, तेव्हा नकाशाकाराला काहीतरी सोडावं लागतं, काहीतरी ताणावं लागतं. इतिहासकाराचंही तसंच. फरक एवढाच, की इतिहासकार काय सोडतो यात कोणाचं तरी हित गुंतलेलं असतं. हे अगदी बरोबर आहे. निवडीशिवाय इतिहास नाही, आणि निष्पक्ष निवड अशी वस्तू बाजारात मिळत नाही.

पण इथे एक पाऊल घसरतं. रेल्वेच्या नकाशात डोंगर दाखवले नाहीत तर ती निवड झाली, तक्रार नाही. पण शिकागो न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला दाखवलं, तर ‘ही माझी निवड आहे’ असं म्हणून चालेल का? ती चूक आहे. सगळे नकाशे काहीतरी सोडतात, यावरून सगळे नकाशे सारखेच खरे, असं निघत नाही. आणि हा नकाशा डोंगर सोडतो, म्हणून तो खोटा, असंही निघत नाही. झिन यांचे विरोधक बहुधा दुसरी चूक करतात. हा माणूस एका बाजूचा आहे, सबब त्याचं सगळं खोटं. आणि चाहते पहिली चूक करतात. इतिहास कोणत्या तरी बाजूचाच असतो ना, मग ही बाजू दुबळ्यांची, सबब ती खरी.

चाहत्यांची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिकाराने बोलतो. हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतका भारावलो, की पुढची कित्येक वर्षं वर्गात त्यातले दाखले देत राहिलो. दुसऱ्या महायुद्धावरच्या प्रकरणात झिन म्हणतात, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात युद्धाविषयी व्यापक उदासीनता, किंबहुना विरोधच होता. घरात वंशभेद आणि बाहेर हिटलरच्या वंशवादाशी लढाई, ही विसंगती दाखवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? मी ते रंगवून सांगत असे. मुलंही माना डोलवत.

मग निवृत्तीच्या सुमाराला सॅम वाइनबर्ग यांचा लेख वाचनात आला. वाइनबर्ग स्टॅनफर्डचे, मुलं इतिहास कसा वाचतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी हेच विधान घेतलं आणि त्याखालचा पुरावा मोजला. किती निघाला? तीन. एका पत्रकाराचं मत, एका विद्यार्थ्याचं बोलणं आणि वर्तमानपत्रात छापलेली एक कविता. सव्वा कोटीहून मोठ्या समाजाविषयीचं विधान, आणि पुरावे तीन! झिन यांनी ज्या पुस्तकातून हे घेतलं, तिथेच भरती नाकारणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा लहान असल्याची माहिती होती. ती झिन यांच्या पानावर आली नाही. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष त्या युद्धात सैन्यात होते. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने १९४२ मध्ये दुहेरी विजयाची मोहीम चालवली होती. परदेशात हुकूमशाहीवर विजय आणि घरात वंशभेदावर विजय. म्हणजे त्या समाजाचं म्हणणं ‘हे युद्ध आमचं नाही’ एवढं सरळ नव्हतं. ‘लढू, पण हिशेबही मागू’ असं ते बरंच गुंतागुंतीचं, आणि माझ्या मते जास्त तेजस्वी होतं.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ती करता येते, कारण सगळा भात एका भांड्यात शिजलेला असतो. समाज एका भांड्यात शिजत नाही. तीन शितं चाचपून मी अख्ख्या समाजाविषयी बोलत होतो, आणि मला एकदाही वाटलं नाही की मूळ पुस्तक काढून पाहावं. एरवी एखाद्या विद्यार्थ्याने प्लेटोच्या नावावर काही खपवलं, तर त्याला मी संदर्भ विचारल्याशिवाय सोडत नसे. इथे माझी दक्षता का झोपली? कारण पहिल्यांदा मला फसवलं गेलं होतं, आणि ते ज्याने दाखवून दिलं त्याच्यावर मी विश्वास टाकला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, अशी म्हण आहे. इतिहासाच्या वाचकाचं उलट होतं. पहिल्या भांड्याने पोळलं, म्हणून तो दुसऱ्या भांड्याकडे वळतो, आणि ते मात्र न फुंकता पितो.

याचा आपल्या भूमीशी एक खरा संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती त्यांनी अर्पण केली आहे अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. पुण्यात बसून एक माणूस अमेरिकेच्या इतिहासाचा वाचक झाला, आणि त्या वाचनातून त्याने आपल्या समाजाचा पर्यायी इतिहास मांडला. फुल्यांच्या हाती आलेली अमेरिका ही मुक्तिदात्यांची अमेरिका होती. त्याच १८७३ साली, एप्रिलमध्ये, लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्या जमावाने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची सामूहिक कत्तल केली. आणि मुक्ती गोऱ्या सज्जनांनी दिली हेही अर्धंच. शेकडो मळ्यांवरून पळालेले गुलाम आणि उत्तरेच्या सैन्यात लढलेले पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक यांनी ती मिळवलीही होती. ड्यू बॉईस यांनी १९३५ मध्ये हे ठणकावून मांडलं, झिन यांच्याही बऱ्याच आधी.

म्हणून फुले चुकले का? त्यांचा प्रश्न पाहा. एका समाजातल्या वरच्या लोकांना गुलामी ही लाज वाटू शकते, मग इथे का वाटत नाही? त्या प्रश्नाला कोलफॅक्समुळे धक्का लागत नाही. ‘गुलामगिरी’तल्या काही व्युत्पत्ती आज भाषाशास्त्र मान्य करत नाही. महार हा शब्द ‘महाअरी’पासून आला, ही त्यातली एक. त्या सोडून द्याव्या लागतील, प्रश्न सोडता येत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली, पण मूळ प्रश्नाला हात घातला नाही. आणि आजही आपल्यात असे भक्त आहेत, की व्युत्पत्तीवर शंका घेतली तरी त्यांना वाटतं, प्रश्नावरच घाला घातला. हँडलिन आणि झिन यांचे चाहते, चिपळूणकर आणि फुल्यांचे भक्त. दोन्हीकडे गल्लत एकच आहे. प्रश्न आणि पुरावा एकमेकांना बांधून टाकायचे, आणि एक पडला की दुसरा पाडायचा, किंवा एक वाचवायला दुसऱ्याकडे डोळेझाक करायची.

आता मघाशी बाजूला बसवलेल्या मुलांकडे येऊ. तुमचंच बरोबर कशावरून, असं झिन यांना विचारणारी मुलं. मला ती मुलं झिन यांची खरी शिष्य वाटतात. झिन यांनी मॉरिसन यांना हेच तर विचारलं होतं. रॉयांच्या आकाशातून खाली न पाहता परतलेला तरुण वीस वर्षांनी त्या गावाची कागदपत्रं उघडतो, तेव्हा तोही स्वतःला हेच विचारत असतो. त्यांच्या पुस्तकावर प्रेम करून त्यांना हा प्रश्न विचारायचा नाही, म्हणजे पुस्तक घ्यायचं आणि त्याचं बळ टाकून द्यायचं.

वेळ झाली आहे, पण एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग मुलांना शिकवायचं काय? दोन्ही पुस्तकं दिली तर ती गोंधळून नाही का जाणार?

उत्तर : जातील, आणि थोडा गोंधळ झाला तर बरंच आहे. मात्र नुसती दोन पुस्तकं देऊन थांबू नये. दोनच दिली, तर मुलं आपल्या स्वभावाप्रमाणे एक बाजू निवडतात आणि आपण शिकवलं काय, तर गट निवडायला. तिसरी वस्तू द्यावी, ती म्हणजे मूळ कागद. कोलंबसाचंच घ्या. त्याच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीची मूळ प्रत हरवली आहे. आज आपल्याकडे आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने केलेला गोषवारा. कोलंबसाची कीर्ती सांगणारेही त्यावर विसंबतात आणि झिनसुद्धा. झिन यांचा सर्वात मोठा साक्षीदार हाच लास कासास. म्हणजे हरलेल्यांचा इतिहासही जेत्यांच्याच माणसाच्या दप्तरातून काढावा लागतो.

आता मुलांना विचारू द्या. हा माणूस कोण? १५०२ मध्ये तिकडे गेला, स्वतःही काही काळ तिथल्या लोकांकडून सक्तीने काम करून घेत होता, नंतर पालटला. त्याने स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं? पहिल्या सफरीवर तो नव्हता, क्यूबातल्या कत्तली त्याने डोळ्यांनी पाहिल्या. कोणासाठी लिहिलं? राजाचं मन वळवण्यासाठी. मग आकडे फुगवले असतील का? असतील. त्याच्या आकड्यांवर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण लोकांचे हाल झाले, माणसं प्रचंड संख्येने मेली, यावर वाद नाही. म्हणजे एकाच साक्षीदाराची एक गोष्ट धरता येते आणि दुसरी बाजूला ठेवता येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे समजतं. दोन भावंडांचं भांडण सोडवणारी प्रत्येक आई हे रोज करते.

बंदी घालणाऱ्यांना वाटतं, झिन वाचून मुलं देशाचा द्वेष करतील. काही चाहत्यांना वाटतं, वाचून मुलं शहाणी होतील. माझा अनुभव असा, की नुसतं वाचून यातलं काहीच हमखास होत नाही. मी वाचलं होतं, आणि तरी वर्षानुवर्षं तीन शितांवर भात जोखत होतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला तेव्हा संदर्भ विचारला नाही. त्यांचा दोष नाही, मीच कधी तशी सवय लावली नव्हती. आता ते विद्यार्थी स्वतः चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल, तर कृष्णवर्णीय आणि दुसरं महायुद्ध यावर मी सांगितलेलं त्यांनी पुन्हा तपासावं, एवढीच विनंती.

पुढच्या वेळी साक्ष आणि साक्षीदार या विषयाकडे वळू.